चला पळू, चाला पळ्ळु

साहेब, चिंतगुट्ट्याच्या पायऱ्यांना धरायला दांडा तुम्ही लावला नाही. ही विनंती नाही, अर्ज नाही, निवेदन तर नाहीच नाही. हा आरोप आहे. तुम्ही म्हणजे नेमके कोण, हे गुट्ट्यावरच्या, म्हणजे टेकडीवरच्या, कुणालाच ठाऊक नाही. खालच्या निम्म्या पायऱ्या एका ऑफिसकडे आहेत, वरच्या निम्म्या दुसऱ्याकडे, आणि मध्ये ज्या सपाट दगडावर माणसं दम खायला टेकतात तो दगड बहुधा देवाकडे असावा. खालचं ऑफिस म्हणतं, वरून सुरू करा. वरचं म्हणतं, खालून लावत आणा. तेव्हा हे वाचताना ज्याच्या मनात चांदणं पडेल तो साहेब, असं धरून पुढे जाऊ.

मनुष्यप्राणी हा मुळात वर जाणारा प्राणी आहे. वर जायला कष्ट पडतात, खाली यायला काही लागत नाही, ते आपोआप होतं. या एका सिद्धान्तावर जगातल्या सगळ्या बढत्या आणि चिंतगुट्ट्याच्या पायऱ्या उभ्या आहेत. सिद्धान्तात खोट एवढीच, की तो मांडणाऱ्याचे गुडघे तिशीतले असणार. चढायला दम लागतो, उतरायला गुडघा लागतो. दम थोडं टेकलं की परत येतो. गुडघा एकदा गेला की गेला.

असा एक गेलेला गुडघा एकनाथरावांच्या घरात आहे. त्यांचा स्वतःचा नव्हे, जयवंताबाईंचा. एकनाथरावांचं घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतकरी. वडील निजामाच्या अमदानीत हैदराबाद शहरात आले, मुलगा बसच्या डेपोत नोकरीला लागला, आणि निवृत्त व्हायच्या आत त्यानं गुट्ट्याच्या अगदी माथ्यावर दोन खोल्या बांधल्या. तिथे जागा स्वस्त होती आणि वारा फुकट. पायऱ्या चढताना त्या वेळी दोघं नवराबायको गप्पा मारत चढायचे. आता एकनाथराव एकटे चढतात आणि गप्पा स्वतःशीच मारतात. त्या इथे छापण्यासारख्या नाहीत.

जयवंताबाईंना जगात फार काही नको होतं. नल्लकुंट्याला त्यांची धाकटी बहीण रंजना राहते. तिच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या पायांनी जावं, एवढंच. पण धरायला काही नसलेल्या पायऱ्या त्यांना उतरता येत नव्हत्या. एकदा त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलून खाली नेलं. त्या डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून बसल्या. खाली टेकवल्यावर म्हणाल्या, "पुन्यांदा नको."

"का? पाडलं का त्यांनी?" एकनाथरावांनी विचारलं.

"पाडलं न्हाई. पर शेवटी चौघं नेणारच हायत की. आत्तापासून दोघांनी तालीम कशाला?"

तशाच खुर्चीतून त्या परत वर आल्या, आणि तेव्हापासून माथ्यावरच होत्या. "मला मानूस नको," त्या सांगायच्या, "एक दांडा द्या. लोखंडाचा. मानसाचे हात दुखतेत, दांड्याचे दुखत न्हाईत."

आता पायथ्याशी काय आहे ते पाहू. पायथ्याशी समुद्र आहे.

हैदराबादला समुद्र नाही, असं भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणारा इथे फ्लॅट घ्यायला आलेला नव्हता. इथे साध्या डबक्याला कुंटा म्हणतात, जरा मोठ्याला चेरुवू, आणि त्याच्या काठावर मोठ्या माणसांनी राहायचं ठरवलं की तोच सागर होतो. गुट्ट्याखालच्या कुंट्याच्या काठी (एका कोपऱ्यात तर कुंट्यातच) 'सागरतीर' नावाची सोसायटी उभी राहिली आणि उपनगराला समुद्रकिनारा लाभला. टॉवर तीन: अरबी, हिंदी आणि प्रशांत. प्रशांतमध्ये लिफ्टचा आवाज फार येतो. समुद्र जलपर्णीनं झाकलेला असल्यामुळे दिसत नाही, पण पश्चिमेचा वारा सुटला की तो आहे याबद्दल कुणाला शंका राहत नाही. सगळ्या फ्लॅटना 'सी-फेसिंग' म्हणतात, आणि सगळ्यांच्या खिडक्या बंद असतात.

तिन्ही टॉवरांच्या लिफ्टमध्ये, तिन्ही भिंतींना, धरायला स्टीलचा दांडा आहे. लिफ्टमध्ये आजवर कुणी पडलेलं नाही. हे सहज सांगून ठेवलं.

सागरतीरात मराठी माणसं बरीच. पुण्याची, मुंबईची, कॉम्प्युटरवरची. त्यांच्या मित्रमंडळाचा अध्यक्ष मंदार, पुण्याचा. पुण्याच्या माणसाला टेकडी दिसली की ती चढावीशी वाटते, आणि चढून आल्यावर त्याबद्दल बोलावंसं वाटतं. मंदारला राहायला आल्या आल्या खिडकीतून गुट्टा दिसला. तेलुगूत चिंत म्हणजे चिंच. गुट्ट्यावर पूर्वी चिंचेची झाडं होती म्हणून तो चिंतगुट्टा. मंदारनं मात्र पाटी वाचली आणि तो हळवा झाला. ज्या टेकडीच्या नावातच चिंता आहे, तिची चिंता कुणीतरी करायला हवी, असं त्याला वाटलं. चौकशी करता कळलं, की वरच्या लोकांना पायऱ्यांना दांडा हवा आहे. झालं. 'चला पळू : दौड दांड्यासाठी' या वार्षिक चढणीच्या धर्मादाय मौजदौडीचा जन्म झाला.

तिला आता सात वर्षं होत आली. दौड सागरतीरच्या फाटकापासून निघते आणि एकनाथरावांच्या दाराशी संपते, कारण गुट्टा तिथेच संपतो. पहिल्याच वर्षी मंडळानं ठरवलं, की पैसा ही वाईट गोष्ट आहे. त्यातून भांडणं होतात. म्हणून पैसे गोळा करायचे नाहीत, जागृती गोळा करायची. जागृती ठेवायला कपाट लागत नाही आणि तिचा हिशेब कुणी मागत नाही. दौडीपूर्वी मंडळानं पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या बारा जणांनाच पायऱ्यांना दांडा नसल्याचं माहीत होतं. आता ते चौऱ्याण्णव जणांना माहीत आहे. (उरलेल्या सहांना हिंदी टॉवरचा वॉचमन पाहणीसाठी सापडू देत नाही. गुट्ट्यावरच्यांना विचारलेलंच नाही. त्यांना आधीपासून माहीत असल्यामुळे आकडा बिघडला असता.)

बाकी साध्य झालेल्या गोष्टी पुष्कळ. सात रंगांचे टीशर्ट झाले. पदकं झाली. ड्रोन झाला. दांड्याचं बोधचिन्ह झालं. हसऱ्या चेहऱ्याचा, हातपाय फुटलेला एक दांडा, तोही पळतोय. दांड्याची शपथ झाली, ती सुरुवातीला सगळे हात पुढे करून घेतात. दांडा राहिला.

एकनाथरावांनी एका वर्षी मंदारला दारातच गाठलं. तो नुकताच पोचला होता, कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. जयवंताबाईंनी त्याला पाणी दिलं.

"मंदारशेठ, दौड बेस झाली. दांडा कधी?"

मंदारनं पाणी संपवलं. "काका, मी पण यावर खूप विचार केलाय. पण दांडा लागला तर मग रन कशासाठी करायचा?"

हे त्यानं चेष्टेनं म्हटलं नाही, खरोखर कळवळून म्हटलं. मंदार वाईट माणूस नाही. वाईट माणसाला इतकं खरं बोलता येत नाही.

"आणि काका, दांडा धरून चढणं म्हणजे चीटिंगच ना? आपला चढ नॅचरल आहे. पूर्ण शहरात असा चढ नाही."

"हौ," एकनाथराव म्हणाले, "आमच्या बायकोलाबी तेच वाटतंय. खाली गेलीच न्हाई ती, चढ खराब होईल म्हणून."

मंदारला ते फार आवडलं. पुढच्या वर्षीच्या टीशर्टावर पाठीमागे तेच वाक्य होतं.

यंदा मंडळासमोर अडचण आली. प्रायोजक कंपनीनं 'स्थानिकांचा सहभाग' मागितला. सहा वर्षं दौड ज्यांच्यासाठी चालली होती, त्यांतलं कुणी पळत नव्हतं. (ते रोज तोच चढ पाण्याच्या घागरी घेऊन चढतात. त्याला पळणं म्हणत नाहीत, कारण टीशर्ट नसतो.) काम स्नेहाकडे आलं. स्नेहा मुंबईची, उत्साही, सगळ्यांना ताई-काका करणारी. तिनं सोपा मार्ग काढला: बॅनर तेलुगूत. भाषांतर नको, आपलं नाव आपलंच राहू दे, फक्त लिपी तेलुगू. तिनं 'चला पळू' हे दोन शब्द कोठी बाजारातल्या बॅनरवाल्याकडे पाठवून दिले.

बॅनरवाला सज्जन होता. तेलुगूत 'पळू' असा शब्द नाही, 'चला' असाही नाही. मराठी लोकांचं शुद्धलेखन कच्चं दिसतंय असं समजून, एक पैसा जास्त न घेता, त्यानं ते सुधारून दिलं. 'चाला पळ्ळु.' चाला म्हणजे पुष्कळ. पळ्ळु म्हणजे फळं.

गुट्ट्याच्या पायथ्याशी भलामोठा बॅनर लागला: पुष्कळ फळं, रविवारी सकाळी, चिंतगुट्ट्यावर. एक ऑटोही फिरू लागला, भोंग्यातून ओरडत: चाला पळ्ळु! चाला पळ्ळु!

शेजारची यादम्मा सकाळीच एकनाथरावांच्या दारात. "सार, चाला पळ्ळु अंट! निजमेना? खरंच देतेत का?"

"न्हाई गं. ते मराठी हाय. पळू म्हंजे धावू. भागेंगे बोलके लिखे उनो."

यादम्मानं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "सार, इत्ता बडा बॅनर लगाके कौन बोलता, भागेंगे बोलके? जिसकू भागना हय वो चुपके भागता."

तेवढ्यात मागून मल्लय्या आला. मल्लय्या म्हातारा, तोंडात एकही दात नाही. तेलुगूत पळ्ळु म्हणजे फळं, तसंच पळ्ळु म्हणजे दातही. मल्लय्यानं बॅनर आपल्या गरजेप्रमाणे वाचला होता. त्याचं एवढंच विचारणं होतं, की दातांचं माप आधी द्यावं लागेल का.

एकनाथराव पायऱ्या उतरून सागरतीरला गेले. स्नेहा फाटकापाशी फुगे मोजत होती.

"ताई, घोटाळा झालाय. बॅनरवर पुष्कळ फळं असं लिहिलंय."

"खरंच? वॉव काका, किती पॉझिटिव्ह!"

"किंवा पुष्कळ दात."

"सो क्यूट! म्हणजे हेल्थचाच मेसेज जातोय ना?"

"ताई, लोक पिशव्या घेऊन येतील."

स्नेहाचे डोळे चमकले. "किती लोक?"

"सगळे."

"काका," ती त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "सहा वर्षांत हे कुणाला जमलं नव्हतं."

एकनाथराव परत चढले. मधल्या दगडावर टेकले, दम घेतला आणि तिथूनच भेटेल त्याला खरं सांगत सुटले. कुणी ऐकलं नाही. एका म्हाताऱ्याचा शब्द एकीकडे, आणि सरकारी खांबाला बांधलेला, चार रंगांत छापलेला बॅनर दुसरीकडे. तुम्ही तरी कुणावर विश्वास ठेवला असता?

संक्रांतीनंतरच्या त्या रविवारी उजाडायच्या आत गुट्ट्यावरची सगळी माणसं पायऱ्यांवर येऊन बसली. रांग लावा असं कुणी सांगितलं नव्हतं. गरिबाला ते सांगावं लागत नाही. फळं उजव्या हातानं वाटतील की डाव्या, हे ठाऊक नसल्यामुळे दोन्ही कडांना रांगा लागल्या. एका पायरीवर दोन माणसं, या टोकाला एक, त्या टोकाला एक, मध्ये वाट मोकळी. माथ्यापासून पायथ्यापर्यंत. प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी.

खाली शपथ झाली, शिट्टी झाली, दौड निघाली. पहिल्या काही पायऱ्या सगळे पळाले. मग चढ लागला. पहाटेच कुणाची तरी घागर सांडली होती, पायऱ्या निसरड्या. पहिला घसरला त्यानं शेजारच्या यादम्माचा खांदा पकडला. दुसऱ्यानं पलीकडचा. आणि मग सगळ्यांनाच सुचलं. शेकडो माणसं खांद्यामागून खांदा धरत, एकमेकांना 'कम ऑन' म्हणत वर येऊ लागली. मल्लय्या तर ज्याचा ज्याचा हात खांद्यावर पडेल त्याच्यापुढे आपलं तोंड उघडून हिरड्या दाखवत होता. म्हातारा किती दिलखुलास हसतोय, असं म्हणून लोकांनी त्याच्याबरोबर सेल्फी काढले.

माथ्यावर मंदारनं माईक घेतला. "मित्रांनो, खाली बघा! ह्यूमन रेलिंग! समाजच समाजाचा कठडा!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ड्रोन घुंघुं करत दोन्ही रांगांवरून फिरला.

हे सगळं जयवंताबाई उंबऱ्यात बसून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, दांडा लागला की."

"कुठं?"

"दिसंना का तुमास्नी? पार खालपर्यंत लागलाय." आणि त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या चांगलं लुगडं नेसून, हातात पिशवी, पिशवीत हळदीकुंकवाचा करंडा.

एकनाथराव मदतीला धावले. "तुमी मधी येऊ नका," त्या म्हणाल्या, "तुमी हलताव. ही मानसं फळं मिळाल्याबिगर हलायची न्हाईत."

त्यांनी पहिल्या खांद्यावर हात ठेवला, पाय खाली टाकला. दुसरा खांदा, दुसरा पाय. सगळा गाव वर येत होता आणि एक बाई खाली जात होती. यादम्माच्या खांद्याशी त्या जरा थांबल्या. यादम्मानं वर न बघता आपला हात त्यांच्या हातावर दाबून धरला आणि सोडला. मधल्या दगडावर त्या टेकल्याही नाहीत. वाटेत पिवळा पट्टा लावलेला एक स्वयंसेवक आडवा आला. "आजी, राँग साइड! फिनिश वर आहे!"

"माजं फिनिश नल्लकुंट्याला हाय बाळा. सरक."

पायथ्याशी भोंग्याचा ऑटो उभा होता. त्या त्यातच बसल्या. एकनाथरावांना माथ्यावरून ऑटो कुंट्याच्या कडेनं वळताना दिसला. भोंगा बंद करायचा राहिला होता. संबंध रस्ताभर पुष्कळ फळं वाटत त्यांची बायको बहिणीकडे निघाली होती, आणि त्यांना लग्नात वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं.

फळं आलीच नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. पोचलेल्या प्रत्येक धावपटूला मंडळानं एक केळं दिलं. सालं पायऱ्यांवर बसलेल्यांना मिळाली. ऊन चढलं, मांडव उतरला, ड्रोन डब्यात गेला. मग लोकांच्या लक्षात आलं. दांड्यानं पिशव्या झटकल्या, एकनाथरावांना दोन शिव्या दिल्या (आधी का सांगितलं नाही म्हणून) आणि दांडा उठून घरोघर गेला.

संध्याकाळी फोन आला. मागे बायकांचा गलबला, रंजनाचं हसणं.

"अहो, दांडा हाय का अजून?"

"न्हाई. स्वयंपाकाला गेला."

"मग पुढला कवा?"

"पुढल्या वर्षी."

"बरं," जयवंताबाई म्हणाल्या, "तूप फडताळात हाय. वरच्या फळीवर. आन् चढताना जपून."

मंडळाचा अहवाल त्याच आठवड्यात निघाला. स्थानिकांचा सहभाग शंभर टक्के. लोखंडी दांड्याचा विषय तूर्त मागे, कारण मानवी कठडा गंजत नाही आणि त्याला रंग द्यावा लागत नाही. (रंगीत टीशर्ट मात्र देण्यात येतील.) एका ज्येष्ठ महिला स्पर्धकानं विरुद्ध दिशेनं धाव घेतल्यामुळे तिला अपात्र ठरवण्यात येत आहे. आणि साहेब, ड्रोनचा फोटो तुमच्या दोन्ही ऑफिसांत पोचला. वरून बघितलं तर दोन्ही कडांना सरळ, काळसर, अखंड रेघ. तुम्ही तो नीट पाहिलात आणि शेरा मारलात: कठडा बसवण्यात आल्याचे दिसून येते. विषय बंद.

जयवंताबाई अजून नल्लकुंट्यात आहेत. हळदीकुंकू केव्हाच झालं. बहीण झाली तरी तिच्या घरी माणूस किती दिवस राहणार? एकनाथराव रोज उतरतात, भेटतात, रोज एकटे चढतात.

तुम्ही आता म्हणाल, हे साहेबांना विचारा, आम्ही आपले वाचक. बरं. मग तो फोटो जरा जवळून बघा. मल्लय्याच्या खांद्यावर हात ठेवून, दात काढून हसणारा टीशर्टातला माणूस कोण आहे? तो टीशर्ट आता तुमची गाडी पुसायला आहे ना? आणि हे जिथे बसून वाचताय, तिथे वर कशानं गेलात? लिफ्टनंच ना? जी लिफ्ट कधी हिंदकळत नाही, जिच्यातून कुणी पडत नाही, तिच्यात तीन भिंतींना तीन दांडे. त्यातला एक पुरला असता.

म्हणजे साहेब सापडले. आता सांगा, जयवंताबाईंना वर कसं आणायचं? उत्तर द्या. 'जागृती झाली' हे उत्तर धरलं जाणार नाही. गुट्ट्यावरची माणसं पाण्यासाठी रोज तुमच्याआधी जागी होतात. उत्तर खुर्चीत बसून दिलंत तरी चालेल. त्यांना मात्र खुर्चीतून आणायचं नाही.